दक्षिणेची बाल्कनी, चौथा मजला: टोमॅटोला नुसता पाला, मिरचीची पानं मुरडलेली. काय चुकतंय?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात राजारामपुरीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनी १० फूट लांब, साडेचार फूट रुंद, तोंड दक्षिणेला. पुढं तीन फुटी भरीव कठडा, वर पाचव्या मजल्याची बाल्कनी, छताची उंची ९ फूट. स्वयंपाकघराला लागून पूर्वेला छोटी ड्राय बाल्कनी.

सध्याची परिस्थिती: १२ इंची कुंड्या, काळी माती आणि शेणखत निम्मं निम्मं, तळाला दोन इंच खडी. मार्चमध्ये लावलेले टोमॅटो चार फूट वाढले, फुलं गळाली, फळ एकही नाही. एप्रिलमध्ये पेरलेली कोथिंबीर पिवळी पडून चार पानांवरच फुलली. मिरचीची पाच झाडं आहेत, पानं मुरडलेली. आणि कुंड्यांचं पाणी तिसऱ्या मजल्यावर वाळत घातलेल्या कपड्यांवर गळतं, त्यावरून रोज बोलणी.

गणपती झाले. आता नव्यानं सुरुवात करायची तर काय लावू, कशात लावू? पालेभाजी, मिरची, टोमॅटो आणि जमलं तर एखादं फळझाड हवंय.

उन्हाचा_हिशेब

टोमॅटोचं उत्तर खतात शोधू नका, महिन्यात आहे. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत भर दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्याही उत्तरेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ येतच नाही. बाहेर ३८ अंशाचा ताव, आत सावली.

तुमच्या मापांवर गणित मांडलं तर असं दिसतं. २१ डिसेंबरला दुपारी सूर्य क्षितिजापासून ५० अंशांवर असतो. ९ फुटी छताच्या कडेखालून येणारं ऊन जमिनीवर साडेसात फूट आत जातं, म्हणजे साडेचार फुटांची बाल्कनी ओलांडून थेट हॉलमध्ये. २१ मार्चला तेच ऊन पावणेतीन फूट आत येतं. एप्रिलच्या मध्याला जेमतेम एक फूट, कठड्याला चिकटून. तुम्ही मार्चमध्ये रोप लावलं, ते फुलावर आलं तेव्हा ऊन निघून गेलेलं. झाड उजेडाच्या मागं उंच पळालं, बाकी काही नाही.

तेव्हा या बाल्कनीचा फळभाजीचा हंगाम ऑक्टोबर ते फेब्रुवारी. टोमॅटोला थंडीच मानवते, त्यामुळं नुकसान काही नाही. बी आत्ता या आठवड्यात ट्रेमध्ये टाका, नवरात्र संपता संपता २५ ते ३० दिवसांची रोपं लावणीला येतात आणि संक्रांतीच्या आसपास तोडा चालू राहतो. पाडव्याला झाडं काढून टाकायची. हळहळ करायची नाही.

भरीव कठड्याची एक भानगड आहे. डिसेंबरात दुपारी तीन फुटी कठड्याची सावली अडीच फूट आत पडते, सकाळी नऊला आणि दुपारी तीनला आणखी लांब. कुंड्या कठड्याला टेकवून जमिनीवर ठेवल्या तर बाहेर ऊन असून त्या सावलीत. त्यामुळं हिवाळ्यात कुंड्या आतल्या भिंतीकडं सरकवायच्या आणि एक फुटाच्या स्टँडवर ठेवायच्या. तुमचा वाळत घालायचा दोर त्याच रांगेत असेल तर तो आधी हलवा. एका ओल्या चादरीनं चार झाडांचं दुपारचं ऊन जातं.

ढोबळ माप सांगतो: पालेभाजीला ३ ते ४ तास थेट ऊन पुरतं, मुळा-बीट यांना ४ ते ५, मिरची-टोमॅटो-वांग्याला ६. पूर्वेच्या ड्राय बाल्कनीत सकाळचे तीनेक तास मिळतील, ती पालेभाजीला द्या.

कुंडीतली_शेती

वरच्यांशी सहमत. आता मातीकडं वळतो.

खडी काढून टाका. पाणी बारीक मातीतून जाड खडीत सहजासहजी उतरत नाही; वरचा थर पूर्ण भिजून टच्च झाल्याशिवाय खाली सरकत नाही. म्हणजे चिखलाचा जो पट्टा कुंडीच्या तळाला राहिला असता, तो खडीमुळं दोन इंच वर येऊन मुळांत बसतो. शिवाय कुंडीची दोन इंच खोली वाया. भोकावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा टाकला की काम झालं. भोकं मात्र हवीत: १२ इंची ग्रो बॅगला (झाडं लावायच्या पिशवीला) तळाशी चार आणि बाजूला तळापासून अर्धा इंच वर चार.

काळी माती कुंडीत नको. शेतात ती सोनं, पण कुंडीत सुकली की आक्रसून कडेनं सुटते आणि घातलेलं पाणी त्या फटीतून थेट खाली जातं. वरून भिजलेलं दिसतं, मूळ कोरडं. खालच्यांच्या कपड्यांवर जे पाणी पडतंय त्यातलं निम्मं बहुधा हेच आहे.

आठ पिशव्यांसाठी (१२ × १२ इंच, प्रत्येकी साधारण १९ लिटर भरते) हे माप घ्या. कोकोपीटची ५ किलोची वीट २५ लिटर पाण्यात भिजवली की ६० ते ६५ लिटर होते. ती दोनदा साध्या पाण्यानं धुवून पिळून घ्यायची, कारण स्वस्त विटांत मीठ असतं आणि रोपांच्या पानांच्या कडा करपतात. त्यात चाळलेलं गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं शेणखत ५० लिटर, पन्हाळ्याकडची तांबडी माती ३० लिटर, भाताचं तूस १५ लिटर. तूस राधानगरी, आजरा, चंदगडकडच्या भाताच्या गिरणीत मिळतं. मिळालं नाही तर परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे पांढरे हलके दाणे). प्रत्येक पिशवीला ५० ग्रॅम निंबोळी पेंड. कालवून, हलकं ओलवून, आठवडाभर झाकून ठेवा आणि मग भरा. काठापासून दीड इंच रिकामं सोडा, नाहीतर पाणी घालताना माती बाहेर.

आपल्याकडं कारखान्याची मळी (प्रेसमड) आणि उसाचं पाचट मुबलक, म्हणून लोक तेच कोंबतात. ताजी मळी कुजताना तापते, मुळं भाजतात आणि वासानं अख्खा मजला हैराण. काळी, भुसभुशीत, वास गेलेली असेल तरच वापरा, तीही एकूण मापाच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नको. पाचट मातीत मिसळायचं नाही. ते कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र ओढून घेतात आणि झाड पिवळं पडतं. तेच पाचट दोन इंचाचे तुकडे करून वर पसरलं तर उत्तम आच्छादन. गुऱ्हाळाच्या चुलीची राख पिशवीला एक मोठा चमचा पुरे, ती अल्कधर्मी असते.

खत: लावणीनंतर १० दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं विद्राव्य खत) एक ग्रॅम प्रति लिटर, पिशवीला अर्धा लिटर, दर १० दिवसांनी. पहिली फुलं दिसली की ते बंद आणि १३:०:४५ दीड ग्रॅम प्रति लिटर. मधल्या आठवड्यात कॅल्शियम नायट्रेट एक ग्रॅम प्रति लिटर. कॅल्शियम नायट्रेट आणि १९:१९:१९ एका बादलीत कालवू नका, पाणी दुधासारखं पांढरं होतं आणि कॅल्शियम आणि स्फुरद तळाशी बसून वाया जातात. टोमॅटोचं बूड काळं पडलं तर लोक अंड्याची टरफलं घालत बसतात. टरफल विरघळायला महिनोन्‌महिने लागतात, आणि बहुतेक वेळा कॅल्शियम कमी नसतंच. एक दिवस कोरडं, एक दिवस तुडुंब अशा पाण्यामुळं ते फळापर्यंत पोचत नाही. रोज ठरल्या वेळी पाणी हाच उपाय.

बांधकामवाला

वजनाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इमारतीवरच्या भाराचं भारतीय मानक आयएस ८७५, त्याच्या भाग २ प्रमाणं घरगुती बाल्कनी चौरस मीटरला ३ किलोन्यूटन, म्हणजे अंदाजे ३०० किलो चलभारासाठी धरतात. तुमची बाल्कनी ४.२ चौरस मीटर, कागदावर साडेबाराशे किलो होतात. पण त्यात माणसं, वॉशिंग मशीन, सगळं आलं. झाडांसाठी निम्म्याच्या वर जाऊ नका, आणि इमारत जुनी असेल, खालून स्लॅबचं प्लॅस्टर फुगलेलं किंवा सळई दिसत असेल तर त्याहून खूप कमी, तेही इंजिनिअरला दाखवून.

वरच्या मिश्रणाची १२ × १२ पिशवी ओली असताना २२ किलोच्या आसपास भरेल. वीस पिशव्या म्हणजे ४४० किलो, चालेल. १८ × १८ ची पिशवी ७५ लिटरची; ओल्या काळ्या मातीनं भरली तर १३० किलोच्या पुढं, कोकोपीटच्या मिश्रणानं ८०. फरक बघा.

बाल्कनी बहुतेक ठिकाणी कँटिलीव्हर असते, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला स्लॅब. तेच वजन बाहेरच्या कडेला ठेवलं तर स्लॅबच्या मुळाशी, भिंतीजवळ, ताण कितीतरी जास्त. जड पिशव्या आतल्या भिंतीला लावा. वर उन्हाच्या हिशेबानंही तीच जागा निघाली आहे, तेव्हा वाद मिटला. कठड्यावर, ग्रिलच्या बाहेर, एसीच्या आउटडोअर युनिटवर काहीही ठेवायचं नाही. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा सुटला की चौथ्या मजल्यावरून पडलेली कुंडी म्हणजे खालच्याचा जीव.

गळतीसाठी: फॅब्रिकेटरकडून एक फूट उंच लोखंडी स्टँड करून घ्या, लांबीच्या दिशेनं एका टोकाला अर्धा इंच उतार ठेवून. त्यावर यू आकाराची पीव्हीसी पन्हळ किंवा पत्र्याचा ट्रे, कडा दोन इंच. उताराच्या टोकाला अर्धा इंची नळी जोडून बाल्कनीच्या नहाणी-जाळीत किंवा बादलीत सोडा. पिशव्या ट्रेच्या तळाला टेकवू नका, खाली फरशीच्या पट्ट्या ठेवा. बादलीत जमलेलं पाणी दुसऱ्या दिवशी परत झाडांना, एकदाच. पुन्हा पुन्हा तेच फिरवलं तर क्षार साठतात.

कीड_ओळख

मिरचीला सरसकट "चुरडा-मुरडा" म्हणून औषध मारण्याआधी एक सांगा. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झालीत की कडा खाली वळून पालथ्या वाटीसारखी? देठ नेहमीपेक्षा लांब झालेत का? आणि शेंड्याखाली पांढरा कागद धरून टिचक्या मारा, काय पडतं?

चौथा_मजला

कडा खाली वळल्यात, पालथी वाटीच. वरची पानं अरुंद, देठ लांबलेले, पानाची खालची बाजू तपकिरी-तेलकट दिसते. कागदावर डोळ्यांना काहीच दिसत नाही. परवा निंबोळी तेल मारलंय.

कीड_ओळख

मग हे फुलकिडे नाहीत. फुलकिड्यांनी पान वर वळतं आणि कागदावर पिवळट तपकिरी बारीक रेघा पळताना दिसतात. पांढऱ्या माशीमुळं येणाऱ्या विषाणूत पानं लहान, जाड, शिरा उठलेल्या आणि झाड खुरटं. हात लावला की माश्या उडतात. पालथं पान, लांब देठ, खाली तांबूस झाक म्हणजे कोळी (माइट). पाव मिलिमीटरहूनही लहान असतो, १० पट भिंगाशिवाय दिसत नाही. पावसाळ्याच्या शेवटी दमट हवेत हमखास येतो, म्हणजे नेमका आत्ता.

यावर पाण्यात विरघळणारं गंधक, ८० टक्क्यांचं, २ ग्रॅम प्रति लिटर. पण तुम्ही परवा तेल मारलंय, तेव्हा थांबा. तेलावर गंधक पडलं की पानं करपतात. दोन आठवड्यांचं अंतर हवं. तोवर प्रत्येक फांदीचा मुरडलेला शेंडा दोन-तीन इंच कापून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका (कुंडीत नको), आणि एक दिवसाआड सकाळी पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोराचा फवारा मारा. मुदत संपली की संध्याकाळी गंधक, पानाची खालची बाजू पूर्ण भिजेल असं, आठ दिवसांनी पुन्हा एकदा. हवा ३२ अंशांच्या वर असेल तर गंधक मारू नका. फवारताना मास्क घाला, मिरची आठवडाभर तोडू नका आणि तोडल्यावर धुवून घ्या.

जुनी पानं सरळ होणार नाहीत, ती बघून निराश होऊ नका. नवी फूट सपाट आली म्हणजे जमलं. पाचपैकी एखादं झाड नुसतं खुरटून पिवळं-हिरवं ठिपकेदार दिसत असेल तर तो विषाणू, त्याला औषध नाही, उपटून टाका.

पुढं सवय म्हणून: पांढऱ्या माशीला पिवळा चिकट सापळा, फुलकिड्यांना निळा, दहा फुटी बाल्कनीला एक-एक पुरे. निंबोळी अर्क १५०० पीपीएमचा असेल तर ५ मिली, १०,००० पीपीएमचा असेल तर २ मिली प्रति लिटर, सोबत १ मिली पातळ साबण. बाटलीवरचा आकडा न बघता झाकणानं ओतणं हा सार्वत्रिक रोग आहे.

जवारी_गडी

कोथिंबिरीचं मी सांगतो भावा. एप्रिलात पेरलीस तर ती फुलणारच, ३० अंशांच्या वर पारा गेला की तिला बी धरायची घाई. आता पेर. संकरितपेक्षा जवारी धने घे, पान बारीक येतं पण मिसळीवर टाकली की वास दारापर्यंत जातोय.

किराण्यातले जुने धने उगवत नाहीत, कृषी सेवा केंद्रातून बियाणं आण. चपलेच्या तळव्यानं हलकं रगडायचं, एका धन्याच्या दोन डाळी झाल्या पाहिजेत, चुरा नको. मग ८ ते १० तास पाण्यात, नंतर ओल्या सुती फडक्यात एक दिवस. ६ ते ८ इंच खोल आयताकृती कुंडी, चौरस फुटाला दोन छोटे चमचे बी, वर पाव ते अर्धा इंच माती. आठ ते बारा दिवस उगवायला लागतात. पाचव्या दिवशी "आलं नाही" म्हणून उकरून बघणारे लई आहेत. चाळिसाव्या दिवसापासून कापणी, बुडापासून दीड इंच ठेवून. दुसरा फुटवा येतो, तिसऱ्याच्या नादाला लागू नको. दर पंधरा दिवसांनी एक कुंडी पेरलीस तर घरात खंड पडत नाही.

मेथी सोपी: रात्रभर भिजव, तीन-चार दिवसांत वर येते, २५ दिवसांत उपट. पालक पूर्वेला लाव, बाहेरची पानं तोडत राहिलास तर दोन महिने चालतो. पुदिना बाजारातल्या जुडीतल्या जाड काड्या पाण्यात ठेवून मुळं फुटली की लाव, पण स्वतंत्र कुंडीत; दुसऱ्याच्या कुंडीत शिरला की मालकी सांगतो.

आणि मे ते ऑगस्ट दक्षिण बाल्कनी रिकामी ठेवायची गरज नाही. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास आल्याचे दोन डोळ्यांचे तुकडे लाव, दीड-दोन इंच खोल; सावली चालते, संक्रांतीनंतर काढ. अळू, गवती चहा, पानओवा हेही कमी उन्हात तगतात. बेंदूर झाला की पाऊस आत झोडपतो, तेव्हा पिशव्या भिंतीला सरकव आणि बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागल्याशिवाय पाणी घालू नको. पावसाळ्यात कुंडीतली झाडं तहानेनं कमी, चिखलानं जास्त मरतात.

चौथा_मजला

सगळ्यांचे आभार. राहिले दोन प्रश्न. चौथ्या मजल्यावर मधमाश्या फारशा दिसत नाहीत, मग फळ कसं धरणार? आणि फळझाडाचं काय?

कुंडीतली_शेती

टोमॅटो, मिरची, वांगं यांच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही असतात. सकाळी १० ते १२ च्या दरम्यान फुलाच्या देठामागं बॅटरीचा टूथब्रश दोन सेकंद टेकवा, किंवा दोरीला बांधलेलं झाड टिचकीनं हलवा. पराग आपोआप पडतो.

वेलींचं वेगळं. काकडी आणि कारल्याची फुलं सकाळी उमलतात, दोडका आणि दुधीची संध्याकाळी. दोडक्यावर सकाळी ब्रश फिरवून "फळं पिवळी पडून गळतात" असं म्हणणाऱ्यांचं घड्याळच चुकलेलं असतं. मादी फुलामागं बारीक फळ दिसतं, नराला नुसता देठ. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या काढा, मादीच्या मध्यभागी हलकेच फिरवा. एक नर दोन माद्यांना पुरतो. तुमच्या जागेत एकच वेल ठेवा, काकडीचा, ग्रिल नसल्यानं दोऱ्या छताच्या हुकाला.

टोमॅटो पिशवीला एकच, खोड खालच्या पानांपर्यंत खोल पुरा, पुरलेल्या खोडाला मुळं फुटतात. उंच वाढणारी जात असेल तर पानाच्या बेचक्यातली फूट बोटभर असतानाच मोडा.

फळांत पहिल्या वर्षी स्ट्रॉबेरी. महाबळेश्वर-पाचगणीकडची रोपं ऑक्टोबरात येतात. ८ इंची कुंडीला एक रोप, आणि रोपाचा गाभा बरोबर मातीच्या पातळीवर. बुडला तर सडतो, उघडा राहिला तर सुकतो. खाली पाचट पसरा, फळ मातीला टेकायला नको. जानेवारी-फेब्रुवारी तिचे.

लिंबू हवंच असेल तर कागदी लिंबाचं गुटी कलम किंवा डोळा भरलेलं घ्या. बियांचं रोप फळायला चार-पाच वर्षं लावतं. १८ × १८ ची पिशवी, भिंतीला लागून, एकच. पण उन्हाळ्यात तुमच्याकडं त्याला पुरेसं ऊन नाही, त्यामुळं सोसायटी परवानगी देत असेल तर मार्च ते सप्टेंबर ते गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या खांबाजवळ ठेवा. ८० किलो हलवायचं म्हणजे आधीच चाकांच्या स्टँडवर भरा. भरल्यावर चाकं लावता येत नाहीत.

बांधकामवाला

चाकांना ब्रेक असलेलेच घ्या, चारपैकी निदान दोन. आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगच्या थरावर चाकं थेट नकोत, खाली प्लायचा तुकडा टाका.